रंगनाथरावांचं ग्रीक सॅलड

रंगनाथ बोरस्ते नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले त्याला आठ वर्षं होऊन गेली, तरी त्यांची नजर अजून ड्यूटीवरच होती. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. छापून आलेला कागद उजेडात धरायचा आणि त्यात चूक शोधायची. कुठे शाई फुटली, कुठे रेघ केसभर सरकली, की लाल पेन्सिलीची खूण करायची आणि कागद बाजूला. अशी सवय लागलेला माणूस घरी आला म्हणून काही डोळे मिटून बसत नाही. लग्नाची पत्रिका आली की रंगनाथराव आधी तिच्यातल्या छपाईच्या चुका काढत आणि मग लग्न कुणाचं ते बघत. शेजाऱ्यांनी नवं फाटक बसवलं तेव्हा सगळे पेढे खात होते आणि हे गृहस्थ एक डोळा मिटून ते फाटक किती कललंय याचा अंदाज घेत होते.

तसे ते वाईट नव्हते. कुणावर कधी आवाज चढवला नाही. पण दिवसातून दोनदा त्यांच्यासमोर ताट यायचं आणि ताट वाढणारी एकच होती.

कुसाबाईंचं माहेर कळवणकडचं. स्वयंपाक करताना चव म्हणून बघायची नाही, ही शिकवण त्या माहेराहून घेऊन आलेल्या. आधी देवाला नैवेद्य, मग माणसांची तोंडं. "देवाला उष्टं दाखवायचं व्हय?" असं त्या म्हणत. मीठ, तिखट, आंबट सगळं हाताच्या अंदाजाने. त्यांचा हात असा बसलेला, की दहातल्या नऊ वेळा बोट ठेवायला जागा नसे. दहाव्या वेळी मात्र रंगनाथराव पहिल्याच घासाला थांबत आणि शांतपणे सांगत, "मीठ कमी आहे." त्यात राग नसे. कागदावर खूण केल्यासारखं ते वाक्य असे. मग कुसाबाई स्वतःचं ताट सोडून उठत आणि मिठाची बरणी घेऊन येत. जेवायच्या जागेपासून ती बरणी दहा पावलांवर होती. चाळीस वर्षांत ही दहा पावलं आपणही चालू शकतो, हे रंगनाथरावांच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर कुसाबाईंच्याही आलं नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी रंगनाथरावांनी तेच वाक्य म्हटलं. कुसाबाई उष्ट्या हाताने उठल्या. ओट्याखाली पाणी सांडलेलं होतं. पाय सटकला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं.

प्लास्टर सहा आठवडे होतं. ते निघालं त्यालाही आता महिना होत आला. हाड नीट जुळलंय, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी बोटांच्या व्यायामासाठी पिवळा स्पंजचा चेंडू दिला आणि दिवसातून शंभर वेळा दाबा म्हणून सांगितलं. तो चेंडू खिडकीत धूळ खात पडला. कुसाबाई उजवा हात मांडीवर घेऊन खिडकीशी खाटेवर बसून राहायच्या, जेल रोडची रहदारी बघत. डाव्या हाताने चमच्याने दोन घास खायच्या आणि चमचा ठेवायच्या. स्वयंपाकघराचा उंबरा त्यांनी त्या दिवसापासून ओलांडला नव्हता. घरी डबा येत होता. कधी रंगनाथराव खिचडी टाकत, ती कधी करपत असे, कधी कच्ची राहत असे. काहीही समोर आलं तरी कुसाबाई एकच शब्द म्हणत. "छान."

रंगनाथरावांना सुरुवातीला तो शब्द बरा वाटला. मग खुपायला लागला.

अशात पुण्याहून मुलाचा, शेखरचा, फोन आला. "बाबा, रविवारी मी आणि वेदिका येतो. बॅगा घेऊनच येतो. तुम्ही दोघं आता आमच्याकडे चला. आईचं वजन सात किलोनं उतरलंय. तुम्हाला चहा सोडून काय येतं, सांगा बरं?"

रंगनाथरावांनी फोन ठेवला. त्यांनी कुसाबाईंना विचारलं, तर त्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं."

तेव्हा मात्र रंगनाथराव घाबरले. पुण्याला जायला त्यांची ना नव्हती. मुलगा चांगला, सून त्याहून चांगली. पण ही बाई स्वतःच्या स्वयंपाकघराकडे पाठ करून इथून गेली, तर पुन्हा कुठल्याच ओट्याशी उभी राहायची नाही, हे त्यांना दिसत होतं. आणि त्या दुपारी तिला ताटावरून उठवणारं वाक्य आपलं होतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, शेखरलाही नाही. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की आई पाय घसरून पडली.

हातात चार दिवस होते. हिने पोटभर खावं असं काय करता येईल, याचा विचार करताना त्यांना गेल्या वर्षीची एक दुपार आठवली. शेखरच्या लग्नाच्या वाढदिवसाला तो सगळ्यांना गंगापूर धरणाकडच्या एका द्राक्षबागेतल्या हॉटेलात घेऊन गेला होता. तिथे वेदिकाने एक मोठा वाडगा मागवला होता. काकडी, टोमॅटो, कांदा, वर पांढरं खारट चीज, काळी फळं आणि तेल. ग्रीक सॅलड म्हणे. रंगनाथरावांनी त्यात जागच्या जागी चार चुका काढल्या होत्या. फोडी लहानमोठ्या, टोमॅटोचे देठ तसेच, वगैरे. कुसाबाईंनी मात्र वाडगा संपवला होता आणि तळाचं आंबटखारट पाणी पावाच्या तुकड्याने असं पुसून घेतलं होतं, की वेटरही हसला. परतताना गाडीत त्या म्हणाल्या होत्या, "गार गार लय बरं लागलं." आपल्याला काय आवडलं हे कुसाबाई वर्षातून एखाद्या वेळेलाच सांगत, म्हणून ते ध्यानात राहिलं होतं.

शिवाय याला गॅस लागत नव्हता. रंगनाथरावांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि प्रेसमधल्या जुन्या डायरीत यादी केली.

यादीतलं पहिलं नाव होतं ऑलिव्हचं तेल. ते त्यांना कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात लगेच मिळालं. दुकानदार रवीने छोटी बाटली काढून देताना हसत विचारलं, "वा काका, बाळ कोणाचं?"

"कसलं बाळ?"

"मग मालिश कोणाला?"

रंगनाथरावांनी बाटली उजेडात धरली. तिच्यावर एक गुटगुटीत बाळ पालथं पडून हसत होतं. "हे सॅलडात घालायचंय," ते म्हणाले. रवीने कपाळाला हात लावला आणि बाटली परत फडताळात ठेवली. "काका, देवळाली कॅम्पात जा. तिथे साहेब लोकांच्या बायका घेतात असलं सगळं."

म्हणून गुरुवारी दुपारी अडुसष्ट वर्षांचे रंगनाथराव बसने देवळाली कॅम्पात गेले आणि बाजारातल्या एका जुन्या दुकानातून खायचं तेल आणि काळ्या ऑलिव्हची बाटली घेऊन आले. तसलं चीज काही मिळालं नाही. त्याच्या जागी पनीर घेतलं आणि दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्यात भिजत घातलं. ऑरेगॅनो नावाची एक पत्ती राहिली होती. ती तर घरातच निघाली. वेदिका दर खेपेला पिझ्झा मागवायची आणि त्यासोबतच्या पुड्या कुसाबाई टाकवत नाहीत म्हणून फडताळाच्या खणात जपून ठेवायच्या. अशा तेवीस पुड्या होत्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी भाजीवाल्या आक्काबाईच्या हातगाडीवरून काकड्या आणि टोमॅटो आणले आणि कामाला बसले. काम कसलं, तपासणीच ती. प्रत्येक फोड एक इंचाची, शेजारी स्टीलची फूटपट्टी. जी फोड बसली नाही ती नापास. नापास फोडींचा ढीग पास झालेल्यांपेक्षा मोठा झाला तेव्हा त्यांनी नाइलाजाने नियम थोडे सैल केले. कांदा शेवटी घातला, कारण त्याआधी त्यांना एक वाटी वेगळी काढायची होती. कांद्याचं देवाला कसं दाखवायचं? त्या वाटीवर त्यांनी तुळशीचं पान ठेवलं आणि देवघरापुढे पाण्याचं मंडल करून नैवेद्य दाखवला. घरचे देव तसे समजूतदार होते. त्यांनी काही विचारलं नाही.

आणि कुसाबाईंच्या शिस्तीप्रमाणे रंगनाथरावांनीही चव बघितली नाही.

वाडगा हातात आला तेव्हा कुसाबाईंनी आधी त्याच्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघितलं. "हॉटेलातलं?"

"तेच. खा."

त्यांनी डाव्या हाताने काकडीची एक फोड खाल्ली. दुसरी खाल्ली. जरा थांबून तिसरी खाल्ली. मग चमचा ठेवला आणि म्हणाल्या, "छान."

रंगनाथराव वाडगा घेऊन स्वयंपाकघरात गेले. दोन दिवसांची धावपळ वाया गेली, असं मनात म्हणत त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि तशीच मोरीत थुंकली. काकडी कडूजहर होती.

ते परत खोलीत आले. "कुसा," ते म्हणाले. एरवी ते 'अगं' म्हणत. "काकडी कडू आहे."

कुसाबाईंनी पदर सारखा केला.

"तीन फोडी खाल्ल्यास तू. मी मोजल्या. मग छान कसं म्हणालीस?"

"तुम्ही यवढं केलं. पार कॅम्पात जाऊन आले."

"म्हणून कडू गिळायचं? सांगायचं ना, कडू आहे म्हणून!"

"केलेल्या माणसाला तोंडावर कसं सांगू?" कुसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला ठावं हाय ना, कसं लागतं ते."

खाली रस्त्यावर रिक्षा हॉर्न वाजवत होती. ती गेली तरी रंगनाथराव उभेच होते. मग ते खाटेच्या कडेला बसले.

"त्या दिवशी मीठ मागितलं नसतं मी," ते म्हणाले, "तर पडली नसतीस."

"पाणी सांडलं व्हतं."

"उठलीस माझ्यासाठी. बरणी काय लांब होती? मला पाय नव्हते?" त्यांनी खाटेवरची चादर उगीच सरळ केली. "चाळीस वर्षं तुझ्या ताटातल्या चुका काढल्या. चांगलं झालं तेव्हा एकदा तरी म्हणालो का? आता तू काढ. एक तरी काढ. पण हे छान नको म्हणू, कुसा. तू छान म्हणालीस की मला भीती वाटते."

कुसाबाई पुन्हा रस्त्याकडे बघू लागल्या. पण त्या दिवशी डब्यातली भाजी समोर आली तेव्हा त्या 'छान' म्हणाल्या नाहीत. नुसत्या खात राहिल्या. रंगनाथरावांना तेवढंही पुष्कळ वाटलं.

शनिवारी त्यांनी आक्काबाईला गाठलं. "बाई, काकडी कडू दिलीस."

आक्काबाई कमरेवर हात ठेवून हसली. "काका, गावठी काकडी हाय ती. कडू निघायचीच एखादी. तिचं कडू काढून घ्यावं लागतं."

"ते कसं?"

"आता ते मी सांगू? तुमच्या घरात मास्तरीण बसलीया. काकू गाडीवर आल्या की एकेक काकडी हुंगून घ्यायच्या. त्यांना इचारा." आणि तिने तीन काकड्या पिशवीत टाकल्या. त्यांचे पैसे घ्यायला काही ती तयार होईना.

रविवारी दहाच्या सुमाराला शेखरचा फोन आला, संगमनेर सोडलं म्हणून. रंगनाथरावांनी ओट्यावर काकडी ठेवली आणि तिथूनच आवाज दिला. "अगं, काकडीचं कडू कसं काढायचं?"

खोलीतून आवाज आला, "देठाकडचं टोक कापा. कापलेला तुकडा तिच्यावरच चोळा."

त्यांनी एक टोक कापलं आणि चोळलं. "झालं."

"फेस आला का?"

"कसला फेस?"

"पांढरा. फेस येतो. त्यातच कडू असतं."

त्यांनी पुन्हा चोळलं. काकडीचा फेस कशाला येईल, असं त्यांना मनातून वाटत होतं. चाळीस वर्षं या घरात काकडी खाल्ली, पण ती ताटात यायच्या आधी तिचं काय होतं हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. "नाही येत."

"गोल चोळता का?"

"गोलच."

"दाबून?"

"दाबून."

"मग यायलाच पायजे."

"नाही येत ना पण!" रंगनाथराव चिडले. "ही काकडीच नापास आहे. दुसरी घेतो."

"थांबा!" कुसाबाई ओरडल्या. "चांगली काकडी फेकाल. आलेच."

खाट करकरली. पावलं ऐकू आली आणि उंबऱ्याशी थांबली. रंगनाथरावांनी वळून बघितलं नाही. त्यांना धीरच झाला नाही. त्यांनी फक्त पायाजवळचं पोतेरं घेतलं आणि ओट्याखालची फरशी, कोरडी होती तरी, पुन्हा एकदा पुसली.

कुसाबाई आत आल्या. "शेंड्याकडचं कापलं तुम्ही. ह्ये देठ व्हय? कडू सगळं देठाकडं असतं." त्यांनी सवयीने हात पुढे केला, तो उजवा होता. मध्येच तो थांबला. बोटं पुरती उघडत नव्हती. रंगनाथरावांनी देठाचं टोक कापलं, काकडी त्यांच्या तळव्यात ठेवली आणि हात काढून घेतला. कुसाबाईंनी काकडी पोटाशी टेकवली आणि बोटं हळूहळू तिच्याभोवती आवळली. ओठ मुडपले होते. दुखत असणार. मग डाव्या हाताने देठाचा तुकडा घेऊन त्या चोळू लागल्या, गोल, दाबून.

काकडीच्या कापाभोवती पांढरा फेस जमला.

"ह्यो बघा," त्या म्हणाल्या.

रंगनाथराव बघत होते. चौतीस वर्षं सराव झालेल्या त्यांच्या डोळ्यांना दिसत होतं, की करंगळी काकडीला टेकलेली नाही, अंगठ्यात जोर नाही आणि मनगट जरा वाकडं धरलंय. यातली एकही गोष्ट ते बोलले नाहीत. बाकीच्या दोन काकड्याही त्यांनी एकेक करून पुढे केल्या. कुसाबाईंनी तिन्ही चोळल्या, फेस धुवायला सांगितला आणि मग फूटपट्टी दिसल्यावर विचारलं, "ही कशाला?"

"फोडी सारख्या यायला."

"आवो, पोटात काय फूटपट्टी लावून बसलंय का कोणी?" त्या म्हणाल्या. फूटपट्टी त्यांनी उचलून खिडकीत ठेवली, पिवळ्या चेंडूशेजारी नव्हे, स्वयंपाकघराच्या खिडकीत. आणि स्टूल ओढून ओट्याशी बसल्या.

शेखर आणि वेदिका आले तेव्हा दार उघडंच होतं. दोघांच्या हातात एकेक मोठी रिकामी बॅग होती. आत बघतात तर बाबांच्या खांद्यावर टॉवेल, देवघरापुढे ऑलिव्हची वाटी आणि आई स्टुलावर बसून हुकूम सोडतेय. "कांदा जाड नको. नंतर घाला. आधी नैवेद्य." वेदिकाने सासूच्या उजव्या हाताकडे बघितलं. तो पिझ्झाच्या पुड्या फोडत होता. म्हणजे पुडी त्यात धरलेली होती आणि फाडत होते दात, पण धरलेली होती.

"आई, हे तुम्ही केलंत?" तिने विचारलं.

"मी नाय गं. ह्यांनी. मी काकडी चोळली."

शेखर बॅग खाली ठेवून उभा होता. "बाबा, आवरायला घ्यायचं ना? चारला निघू म्हणजे..."

रंगनाथरावांनी कुसाबाईंकडे बघितलं. या वेळी त्यांनी विचारलं नाही आणि ठरवूनही टाकलं नाही. थांबले. कुसाबाई पुडीतली पत्ती वाडग्यावर भुरभुरत म्हणाल्या, "बॅगा आणल्यात ते बरं केलं. लासलगावचा कांदा येऊन पडलाय, त्यो भरून न्या. आम्ही दिवाळीला येऊ."

शेखरने तोंड उघडलं, पण वेदिकाने त्याचा हात दाबला.

चौघं जेवायला बसले. मधोमध तो मोठा वाडगा, सोबत डब्यातल्या चपात्या. तेलात लिंबू पिळलेलं, फोडी लहानमोठ्या, अगदी हॉटेलातल्यासारख्या. वेदिकाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "बाबा! अप्रतिम." शेखरनेही मान डोलावली. तो तर वाडगा आपल्याकडे ओढू लागला होता.

रंगनाथरावांनी घास घेतला नव्हता. ते कुसाबाईंकडे बघत होते. कुसाबाईंनी चपातीचा तुकडा मोडला. त्या तुकड्याने काकडीची, पनीरची, टोमॅटोची एकेक फोड उचलली, तोंडात घातली आणि सावकाश चावली. मग थांबल्या.

"मीठ कमी हाय," कुसाबाई म्हणाल्या.

शेखर चमकला. त्याने आईच्या तोंडून हे वाक्य आयुष्यात ऐकलं नव्हतं. वेदिका उठायला लागली.

"बस, बस," रंगनाथराव म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. "मी आणतो." आणि स्वतःचं ताट सोडून, पुसलेल्या फरशीवर जपून पाय टाकत, ते बरणी आणायला गेले.